स्टिअरिंगचा रॅक, मामंजी आणि आदाननिक्षेपण समिती



यंदा दिवाळीत आमच्याकडे फराळाशिवाय आणखी एक काम झालं. गाडीचा स्टिअरिंग रॅक आम्ही घरीच बदलला. फोटो पाहून बऱ्याच जणींनी विचारलं, "अगं, हे काय असतं? आणि तू गाडीखाली कशी गेलीस?" म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. रेसिपी पुढच्या वेळी.

आधी रॅक म्हणजे काय ते सांगते. आपल्या सोसायटीचं सरकतं फाटक मोटरवर चालतं ना, त्याच्या खालच्या बाजूला दातेरी पट्टी असते. मोटरचं छोटं दातेरी चाक फिरलं की पट्टी सरकते आणि फाटक उघडतं. गाडीतही तसंच. आपण स्टिअरिंग फिरवतो, त्याच्या दांड्याच्या खालच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते एका आडव्या दातेरी दांड्याला डावीउजवीकडे सरकवतं. हा दांडा म्हणजे रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना टायरॉड जोडलेले असतात आणि ते पुढची चाकं वळवतात. बस, एवढंच. दोन्ही बाजूंना घडीघडीचे रबरी बूट असतात, आत पाणी आणि माती जाऊ नये म्हणून.

आमच्या गाडीचं दुखणं त्या बुटापासूनच सुरू झालं. गाडी अकरा वर्षांची आहे. आम्ही राहतो वालीवला, खाली यांचा लेथचा गाळा आणि वर घर. वालीवचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. दिवसभर माल भरलेले टेम्पो, ट्रेलर, आणि पावसाळ्यात गुडघाभर खड्डे. डाव्या बाजूचा बूट फाटला, आत चिखलाचं पाणी गेलं, दात गंजले आणि आतला बुश झिजला. श्रावणात खड्ड्यातून जाताना खालून खट् असा आवाज यायला लागला. भाद्रपदात स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाक हलेना. नवरात्रापर्यंत गाडी आपणहून डावीकडे सरकायला लागली.

"आपणहून डावीकडे" हे शब्द मी घरात उच्चारले, तेव्हा मामंजींनी पेपर खाली ठेवला.

डावीकडे म्हणजे रस्त्याची कड. वसई फाट्याला आपण मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतो, आणि त्याच कडेने आठ महिने आपले साधुसाध्वी विहार करतात. सकाळी लवकर, अंधुक उजेडात, अनवाणी, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या आतबाहेर. विहारात असलेल्यांना गाडीने उडवल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत. तेव्हा आपण ट्रकवाल्यांना दोष देतो. मामंजी एवढंच म्हणाले, "दिवाळी झाली की दिगंबर मुनींचा वर्षायोग संपतो, कार्तिकी पौर्णिमेनंतर श्वेतांबर महाराजही निघतात. त्याच्या आत ही गाडी दुरुस्त झाली पाहिजे. नाहीतर ती रस्त्यावर न्यायची नाही."

सासूबाईंची गजपंथाची यात्रा कार्तिकात ठरलेली होती. चिंचोटी, कामण, अंजूरफाटा, भिवंडी आणि मग कसारा घाट. अशा गाडीतून घाटात जाणं मलाही नको होतं. पण गॅरेजमध्ये माणसं गावी गेलेली, पंधरा दिवसांनी या म्हणाले. यांनी सुचवलं की भंगारातून जुना रॅक आणू, स्वस्तात बसवून घेऊ. मामंजींनी साफ नकार दिला. "जुना रॅक आतून किती झिजलाय ते कोणाला दिसतं? ब्रेक आणि स्टिअरिंग यात काटकसर करायची नाही. साडी घेऊ नका, फटाके आपण घेतच नाही." नवा रॅक मागवला.

मामंजी बहात्तर वर्षांचे. त्यांनी उमेदवारी केली ती फियाट दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये. आपल्यातल्या नव्या मुलींना कदाचित ठाऊक नसेल, ती फियाट म्हणजे एका अर्थाने आपल्याच माणसाची गाडी. सोलापूरच्या जैन घरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला होता. पुढे हीच फियाट पद्मिनी म्हणून मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. मामंजी सांगतात, त्या गाडीत रॅक नव्हता, स्टिअरिंगची जड पेटी होती. घरोघरी रॅकची गाडी आली ती मारुती ८०० मुळे, डिसेंबर १९८३ नंतर. त्यांनी दोन्ही प्रकार हाताळले आहेत. पण आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत, गाडीखाली झोपणं शक्य नाही. यांचा खांदा आखडलेला. राहिले मी.

सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीला सुनेनं गाडीखाली जायचं? लोक काय म्हणतील?" मामंजी म्हणाले, "हात कुणाचे आहेत हे बोल्टाला कळत नाही." मी यांचा जुना शर्ट चढवला, केस बांधले आणि भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. मामंजी स्टुलावर, हे पान्यांपाशी, मुलगी वही घेऊन.

पण त्याआधी एक दिवस फक्त तपासणीत घालवला. मामंजींचं म्हणणं, आवाज आला म्हणून लगेच रॅक बदलायचा नसतो. पुढचं चाक उचलून डाव्याउजव्या हातांनी धरून हलवलं, की टायरॉडमधली ढिलाई कळते. तेच वरखाली धरून हलवलं, की बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट कळतो. मग ह्यांनी आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवलं आणि मी खालून बोट लावून पाहिलं. टायरॉडची टोकं घट्ट होती, वरचा सांधा घट्ट होता, रॅकचा दांडा मात्र आपल्या घरातच वरखाली नाचत होता. तेव्हा खात्री झाली.

आता काम. जिथे जिवाचा प्रश्न आहे तेवढं नीट लिहिते.

गाडी सपाट फरशीवर घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. मामंजींनी आधी गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली, मगच मला आत जाऊ दिलं.

बॅटरीची ऋण तार काढली. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग सीटबेल्टने घट्ट बांधून टाकलं. आमच्या गाडीत एअरबॅग आहे. तिची गुंडाळी केलेली तार स्टिअरिंगच्या मागे असते आणि खालचा सांधा सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तर ती तुटते. खालच्या सांध्यावर दोन्ही भागांवरून एक सरळ रेघ मारली, मुलीच्या पांढऱ्या नेलपेंटने. जोडताना रेघेला रेघ जुळवायची.

टायरॉडच्या टोकांच्या स्प्लिट पिना काढल्या, नट काढले. टोक अडकून बसलं होतं. हातोडी आट्यांवर मारायची नाही, ज्या लोखंडात ते बसलंय त्याच्या बाजूवर मारायची. तीन ठोक्यांत सुटलं. मग ते टोक रॅकवरून फिरवून काढताना मुलीने फेऱ्या मोजल्या. डावीकडे अठरा, उजवीकडे सतरा. वहीत लिहिलं. शिवाय टेपने लांबीही मोजून ठेवली.

रॅकचे चार बोल्ट गंजलेले. गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर वाट पाहिली. त्या तासात मी सामायिक केलं.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. पाठशाळेत आपण पाच समिती पाठ केल्या होत्या. त्यातली आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलायची-ठेवायची. ही मुनींची गोष्ट, आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं. पण मामंजी प्रत्येक पाना फडक्यावर एका ओळीत ठेवायला लावत होते. उचलण्याआधी खाली पाहायला सांगत होते, कारण पावसाळा संपल्यावर आमच्या फरशीवर मुंग्यांची रांग असतेच. काम सुरू करण्याआधी त्यांनी मऊ केरसुणीने जागा हळू झाडून घेतली होती. नंतर जाणवलं की ज्या हाताला मुंगी दिसते, त्याला निसटलेला नटही दिसतो. संध्याकाळी एकही बोल्ट हरवला नव्हता.

जुनं ग्रीस आणि स्प्रेचे ओघळ आम्ही ताटात गोळा केले, चिंध्यांसकट डब्यात भरले आणि गाळ्यातलं जळकं तेल नेणाऱ्याला दिले. गटारात टाकलं असतं तर ते नाल्यातून खाडीत गेलं असतं. किती जिवांवर त्याचा थर बसला असता, कल्पना करा.

पाच वाजता जुना रॅक डाव्या चाकाच्या बाजूने तिरपा करून बाहेर निघाला. हे म्हणाले, नवा आत्ताच बसवून टाकू. पण कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मामंजी उठले, "जेवायची वेळ झाली. बाकी उद्या." गाडी तशीच स्टँडवर, शटर बंद. टॉर्चच्या उजेडात, थकलेल्या हातांनी स्टिअरिंगचे बोल्ट आवळायचे नसतात. आपला सूर्यास्ताचा नियम त्या दिवशी गाडीच्याही कामी आला.

दुसऱ्या दिवशी नवा रॅक मधोमध आणला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजल्या, साडेतीन भरल्या, मग पावणेदोन मागे. तो आत सरकवला, रेघेला रेघ जुळवली, टोकं मोजलेल्या फेऱ्यांवर आणि लांबीवर बसवली. स्प्लिट पिना नव्या घातल्या, जुन्या परत वापरल्या नाहीत. शेवटचं आवळणं शेजारच्या गाळ्यातून आणलेल्या टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. प्रत्येक बोल्ट मी आवळला, मामंजींनी वरून नाव घेतलं, मुलीने वहीत बरोबरची खूण केली. खूण नाही तर चाक चढवायचं नाही.

गल्लीत गाडी हळू फिरवून पाहिली. आवाज नाही, ओढ नाही. तशीच सावकाश अलाइनमेंटच्या दुकानात नेली. घरी कितीही मोजलं तरी चाकांचा कोन यंत्रावरच बरोबर लागतो, आणि तो चुकला तर टायर महिन्याभरात खाल्ले जातात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले.

सासूबाईंची गजपंथ यात्रा झाली. घाटात त्या माळ जपत होत्या, नंतर झोपल्या. महामार्गावर कडेने चार साध्वीजी जात होत्या, सोबत एक व्हीलचेअर ढकलणारी बाई. यांनी वेग कमी केला आणि गाडी सरळ रेषेत, लांबून पुढे नेली. मामंजी मागून काही बोलले नाहीत, फक्त हात जोडले.

सगळ्यांनी घरी रॅक बदला असं मी म्हणत नाही. आमच्या गाडीत पॉवर स्टिअरिंगची मोटर वरच्या दांड्यावर आहे म्हणून जमलं. तुमच्या रॅकला तेलाच्या नळ्या असतील, किंवा घरात मामंजींसारखं जाणतं माणूस नसेल, तर गॅरेजच बरं. पण दर पावसाळा संपला की चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारा आणि तो रबरी बूट फाटलाय का पाहा. फाटलेला बूट वेळीच बदलला तर रॅक वाचतो. आणि गाडी डावीकडे ओढतेय असं वाटलं, तर घरातल्या कुणीही "चालतंय की" म्हटलं तरी ऐकू नका.

मामंजींची वही मी जपून ठेवली आहे. कुणाला पाहायची असेल तर रविवारी दर्शन झाल्यावर घरी या. चहा सूर्यास्ताच्या आत.

जय जिनेंद्र.