हप्ते संपले, पण बाकी संपेना

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या गाडीवर फायनान्स आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो. गाडी स्वतःची, कर्जावर घेतलेली. ४८ हप्ते, एकेक १४,३५० रुपयांचा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. गेट बंद झालं तरी हप्ता बंद होत नाही. म्हणून यंदा, २०२५ मध्ये, शेवटचा हप्ता ३ जुलैलाच चंद्रपूरच्या ब्रँचमध्ये रोख भरला, पावती घेतली आणि येताना घरी पेढे आणले.

ऑगस्टमध्ये लेकीच्या नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला बँकेत गेलो. साहेबांनी सिबिल काढलं. म्हणाले, "तुमचा गाडीचा हप्ता थकलेला दिसतो." म्हटलं, "साहेब, ते कर्ज तर संपलं." त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली.

फायनान्स कंपनीत (नाव लिहीत नाही) गेलो तर हातात हिशोब दिला. हप्ता १४,३५०, बाउन्स चार्ज ५९०, दंड ८६०, वसुलीची फेरी १,५००. एकूण १७,३००. घरी वसुलीला कोणी आलंच नव्हतं, तरी फेरीचे पैसे!

पावती दाखवली. तिथला पोरगा म्हणाला, "काहून भांडत बसता जी? आठ हजार भरा, सेटल करून टाकतो." खरं सांगतो, मी भरणारच होतो. लेकीच्या फीची तारीख जवळ आली होती. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी पैसे भरले ना? मंग दुसऱ्यांदा कायले भराचे?"

बरं झालं भरले नाहीत. नंतर बँकेच्या साहेबांनी सांगितलं की सिबिलमध्ये 'क्लोज्ड' वेगळं आणि 'सेटल्ड' वेगळं. सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे न फेडता तडजोड केली, अशी नोंद. पैसे पूर्ण भरूनही तो डाग मीच विकत घेतला असता.

मग कंपनीकडून खात्याचं पूर्ण स्टेटमेंट मागितलं आणि पावतीशी लावून पाहिलं. पावतीवर लोन नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे! माझे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले होते. इकडे ५ तारखेला कंपनीने ऑटो डेबिट लावला, खात्यात पैसे नव्हते, बाउन्स झाला. आकडे त्यांनी चुकवले, पण पावती न वाचता खिशात घातली ती मीच.

१८ ऑगस्टला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार दिली, पोच घेतली. ३० दिवस उत्तर नाही. मग मोबाईलवरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. वकील लागत नाही, फी लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, एवढंच. कशी करायची ते १४४४८ वर फोन केला तर सांगतात. त्यानंतर कंपनीचेच फोन यायला लागले. ऑक्टोबरमध्ये बाकी शून्य झाली, एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाला. तो घेऊन आरटीओत गेलो आणि आरसीवरची एचपी उतरवली.

पण फी तोपर्यंत थांबली नाही. बायकोने बचत गटातून २०,००० उचलले. त्याचं व्याज आम्हीच भरतो आहोत. ते कोणत्याच हिशोबात धरलं गेलं नाही.

मोहर्ली, आगरझरी, देवाड्याच्या गाडीवाल्या भावांनो, हे लक्षात ठेवा:

– काउंटर सोडण्याआधी पावतीवरचा लोन नंबर वाचा.
– शेवटचा हप्ता रोख भरला तर ऑटो डेबिट बंद करायला लेखी सांगा.
– दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्टेटमेंट मागा आणि तपासा.
– वर्षातून एकदा सिबिल फुकट मिळतं, काढून पाहा. चुकीची तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
– एनओसी हातात येईपर्यंत पेढे वाटू नका.

रक्कम लहान आहे म्हणून आपण भरून मोकळे होतो. सगळ्यांनीच असं केलं तर चूक सुधारायची गरज कोणाला पडेल?

कोणाकडे असा हिशोब आला असेल तर गेटवर भेटा, कागद सोबत आणा. बसून पाहू.