कुईं... कर्र... टक्!

आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता ‘कुईंऽऽ... कर्र...’ असा आवाज आला की समजायचं, पप्पांची पिकअप निघाली! स्पीडब्रेकरवर तर तो दुप्पट. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्या गाडीला हॉर्न कशाला लागतो हो?"

आधी एक सांगते. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी घरातलं आणि गल्लीतलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. तरीही हा लेख इंग्रजी विभागाऐवजी इथे का दिला, ते शेवटी कळेलच.

पप्पा अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.मधून चादरी-टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पोचवतात. होस्टेलवाल्यांनो, तुम्ही आत्ता अंगावर घेतलेली सोलापुरी चादर कदाचित आमच्याच गाडीतून गेली असेल! माझ्या शाळेची फी आणि इथली फी, दोन्ही याच गाडीने ओढल्या.

एके दिवशी पप्पा म्हणाले, "पाटे लई ओरडायलेत. तू मेकॅनिकलची ना, बघ की जरा."

पाटे? माझ्या डोळ्यासमोर आजीचा पाटा-वरवंटा आला! मग लक्षात आलं, पाटे म्हणजे आपले लीफ स्प्रिंग. पेपरात त्याचं गणित मी पूर्ण मार्कांचं सोडवलं होतं, पण दारातल्या गाडीखाली वाकून एकदाही पाहिलं नव्हतं.

वाकले. एकावर एक पोलादी पट्ट्या, वर लांब, खाली आखूड. खड्डा आला की त्या वाकतात आणि एकमेकींवर घासतात. हे घर्षण काही प्रमाणात उपयोगीच असतं, त्याने गाडीचं उसळणं लवकर थांबतं. पण मध्ये गंज आणि धूळ बसली की ओरड सुरू. मी लगेच निदान केलं: घर्षण आहे, वंगण द्या! डब्यात जळकं इंजिन ऑइल होतं, ते ब्रशने सगळ्या पाट्यांना फासलं.

आवाज बंद!! पप्पांनी एम.आय.डी.सी.त दहा जणांना सांगितलं, "माझ्या पोरीनं केलं."

तीन आठवड्यांनी कुईं परत आली. सोलापूरची धूळ तुम्हाला माहीतच आहे. ओल्या तेलावर ती बसली आणि तिची घासणारी लुगदी झाली. मी परत तेल लावलं. कुईं गेली. पण त्या संध्याकाळी मी पप्पांच्या शेजारी बसून येत होते, तेव्हा गाडी सुटताना आणि ब्रेक लावताना मागून एक नवीन आवाज आला. ‘टक्.’ एवढाच. पप्पा फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी मात्र स्पष्ट ऐकलं.

आणि मी गप्प बसले.

चार दिवसांनी पप्पांचा फोन आला. गाडी भरलेली, अक्कलकोट रोडवर, आणि चालताना तिरकी जायली म्हणे. स्टिअरिंग सरळ, गाडी तिरकी! उतरून पाहिलं तर डावं मागचं चाक मागे सरकून टपाला घासत होतं. वेग कमी होता म्हणून निभावलं. हेच हायवेवर झालं असतं तर? तो विचार मी आजही पूर्ण करत नाही.

गाडी कशीबशी हैदराबाद रोडच्या एका कमान-पाट्याच्या गॅरेजला नेली. तिथल्या चाचांनी आधी चाकांना दगड लावले, चासी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली, मग ॲक्सलला खालून आधार दिला. पाटे ॲक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट सैल निघाले. सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर आला आणि तो कापला गेला. माझी ‘टक्’ तीच होती, सैल पडलेल्या ॲक्सलची.

पाटे सुटे करून चाचांनी तारेच्या ब्रशने काळी लुगदी खरवडली. खाली दुसऱ्या पाट्याला केसासारखी चीर! त्यांनी एकेक पाटा उचलून हातोडीने वाजवला. चांगला पाटा घंटेसारखा वाजला, चिरलेला बद्द. टोकाचे रबरी बुश तेल पिऊन फुगले होते.

"तेल कोणी लावलं?" चाचांनी विचारलं.

पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच लावलो की."

पुढचे दोन तास मी जे शिकले, ते वर्गात अर्धंच कळलं होतं. सुटे पाटे एकावर एक ठेवले तर मध्ये फट दिसते, कारण खालचे जास्त वाकडे असतात. आवळल्यावर फट जाते आणि पाटे एकमेकांना धरून बसतात. व्हायवाला मी याची व्याख्या घडाघडा सांगितली होती, पण फट पहिल्यांदाच पाहिली! पप्पा म्हणाले, बदलतोच आहे तर जरा जाड पाटा टाका. चाचा म्हणाले, "गाडी दगड होईल, शेठ." मी मनात सूत्र मांडलं. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ८ मिलिमीटरच्या जागी १० घेतला तर तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक. सूत्राशिवाय चाचांचं उत्तर बरोबर होतं.

नवा पाटा, नवे बुश, नवे यू-बोल्ट. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात, रबराला अजिबात नाही. यू-बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर टेकवून, वजन आल्यावरच शेवटचे आवळले. लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "५०० किलोमीटर झाले की परत या, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे," चाचांनी बजावलं.

माझ्या तेलाने यू-बोल्ट सैल केले नव्हते आणि चीरही पाडली नव्हती. पण कुईं चालू राहिली असती तर पप्पा वैतागून कधीच गॅरेजला गेले असते. गाडी ओरडून काहीतरी सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं. वर ‘टक्’ ऐकूनही बोलले नाही, कारण बोलले असते तर माझी दुरुस्ती चुकली हे सांगावं लागलं असतं. ‘माझ्या पोरीनं केलं’ हे ऐकायची सवय झाली होती ना!

५०० किलोमीटर झाल्यावर पप्पांनी गॅरेजला जाताना मलाही नेलं. चाचांनी पाना माझ्या हातात दिला. डावीकडचा एक बोल्ट खरंच पाव फेरा आवळला गेला.

आता ते शेवटचं. पप्पांना तेलाचं माहीत आहे, ‘टक्’चं नाही. इतक्या दिवसांत समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही. पप्पा इंग्रजी वाचत नाहीत, पण मराठी पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. अंक हातात आला की मी तो घरी नेणार आहे, आणि हे पान उघडून त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

पप्पा, मी ऐकलं होतं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)