गुरुवारचं पान

पुण्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये एके काळी दुपारच्या पंगतीला एक पान जास्तीचं मांडलेलं असायचं. ते पाहुण्याचं नसे, घरातल्या कुणाचंही नसे. कोकणातून किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यातून शिकायला आलेल्या गरीब मुलाचं ते पान. त्याचे सात वार सात घरी लागलेले असत. एखाद्या घरची मंडळी गावाला गेली, कुणाकडे सुतक आलं, की त्या दिवशीचा वार बुडाला. मग मुलगा पाणी पिऊन शाळेत जाई. माधुकरी मागणारी मुलं वेगळी. ती झोळी घेऊन दारोदार फिरत. १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलंही माधुकरी मागत. वारावरच्या मुलाला निदान पाटावर बसून गरम भात मिळे.

या मुलांनी मोठेपणी आठवणी लिहिल्या. त्यांत घरं आली, माया आली, अपमानही आले. पण चुलीपुढे बसून जी बाई वाढत होती तिला यातून काय मिळालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला थोडंफार ठाऊक आहे ते माझ्या आजीमुळे. तिच्या घरी गुरुवार होता.

आजोबांचा पगार बेताचा, खाणारी तोंडं बरीच. तरी आजी गुरुवारी आमटीत गूळ जरा सढळ हाताने घालायची. मुलगा यायचा, पाय धुवायचा, खाली मान घालून पाटावर बसायचा. घरातली पोरं त्याला हाक मारायची, 'ए गुरुवार!' आजीच्या कानावर ते गेलं त्या दिवशी पोरांना बोलणी बसली. "त्याच्या आईनं त्याला नाव ठेवलंय ना? मग नावानं हाक मारा." एवढं बोलून ती आत निघून गेली. पण त्यानंतर वाड्यात त्या मुलाला कुणी वारावरून हाक मारली नाही.

खरी गंमत तिच्या वाढण्यात होती. लाजऱ्या मुलाला 'आणखी पोळी हवी का?' असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: नको. भूक असली तरी नको. म्हणून आजी विचारायचीच नाही. पानाकडे न बघता ती पोळी टाकायची आणि म्हणायची, "ही एवढी संपवून टाक रे बाबा, उरली तर माझ्याच वाट्याला शिळी यायची." मग त्या मुलाचं खाणं म्हणजे तिच्यावरचा उपकार होऊन जाई. तो पोटभर जेवे आणि मान जरा वर करून उठे. जाताना आडावरून दोन कळशा पाणी शेंदून देई. आजी त्यालाही नको म्हणत नसे. "घेऊ दे त्याला कष्ट, तेवढाच त्याचा जीव हलका होतो," असं ती म्हणायची. आजीला वाचता येत नव्हतं. पाणी भरून झालं की तो ओसरीवर बसून तिला हरिविजयाच्या थोड्या ओव्या वाचून दाखवी. ती तांदूळ निवडत ऐके. गुरुवारची दुपार अशी दोघांची झाली.

म्हातारपणी ती हे सांगायची तेव्हा पुण्य हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. तो मुलगा पुढे मोठा झाला, नोकरीला लागला, पहिल्या पगाराचं लुगडं घेऊन आला, असलीही काही गोष्ट नव्हती. शिक्षण संपल्यावर तो गेला, तो गेलाच. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. ती म्हणायची, "त्यानं मला वाढायला शिकवलं." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. सासू म्हणून, आई म्हणून, शेजारीण म्हणून ती माणसांना ज्या हळुवारपणे सांभाळायची, तो हळुवारपणा तिनं त्या एका परक्या पोराच्या पानावर गिरवला होता. घरच्या माणसांना वाढताना आपण बेफिकीर असतो. ती रागावली तरी उद्या पुन्हा पानावर येणारच असतात. गरजू माणसाशी वागताना तशी मोकळीक नसते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो उपाशी उठेल आणि पुन्हा येणार नाही. त्या धास्तीने जीभ सुधारते, हात सुधारतो.

या आठवणीला एक काळी कडाही आहे. वार लागायचे ते बहुतेक ब्राह्मण मुलांचे, आणि तेही ब्राह्मणांच्याच घरी. बाकीच्यांच्या मुलांना त्या पाटावर जागा नव्हती. ती पंगत मोडून नवी मांडली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. गावोगावच्या बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढत, तोच मुष्टिफंड. पण मुठीमुठीने भरलेली कोठीही रिकामी होते. तशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना दिला, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या पोरांना आपली मुलं मानलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या शेकडो शाळा झालेल्या त्यांना बघायला मिळाल्या नाहीत. मग त्यांना काय मिळालं? भाऊरावांच्या कीर्तीतला वाटा, असं उत्तर मला पटत नाही. जन्माने आखून दिलेल्या स्वयंपाकघराच्या चार भिंती त्या मुलांमुळे बाहेर सरकल्या, हे त्यांना मिळालं. दागिने मोडून त्यांनी मुलांना धान्य दिलं. त्या मुलांनी त्यांना घर मोठं करून दिलं.

मी लग्नानंतर मुंबईत आले आणि परळ भागात स्थिरावले. १९२६ पासूनचं केईएम आणि १९४१ पासूनचं टाटा रुग्णालय, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर वर्षभर माणसं मुक्कामाला असतात. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून, कुणी बंगालमधून. उशाशी एक्स-रेची मोठी पिशवी, हातात फाइल, आणि पुढची तारीख कधी मिळते याची वाट. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहण्याची सोय होते, पण येणारी माणसं जागेहून नेहमीच जास्त. गाडगेबाबांनी स्वतःसाठी छप्पर बांधलं नाही, मात्र पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी परगावच्या माणसाला पाठ टेकता यावी म्हणून धर्मशाळा उभ्या केल्या. कुठे गेले की आधी खराटा घेऊन जागा झाडत, भाकरी त्यानंतर. घेण्याआधी काहीतरी द्यायचंच, हा त्यांचा हिशेब फुटपाथवरची माणसंही पाळतात, हे मी तिथे जायला लागल्यावर पाहिलं.

आमच्या इमारतीतल्या काहीजणी मिळून गुरुवारी पोळ्या आणि सुकी भाजी घेऊन जातो. वार मीच सुचवला. कारण कुणी विचारलं नाही. एकदा यवतमाळकडच्या एका बाईला चार पोळ्या दिल्या. नवऱ्याला घशाचा कॅन्सर, त्याला गिळता येत नव्हतं, म्हणजे पोळ्या तिच्या एकटीच्या. तिने त्यातल्या दोन लगेच शेजारच्या बंगाली बाईच्या पदरात टाकल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. "ती कालच आली जी," यवतमाळची बाई मला म्हणाली, "तिला अजून केसपेपरची रांग बी माहीत नाही. उद्या सकाळी मी नेतो तिला." मग पदराने तोंड पुसत तिनं मला विचारलं, "ताई, तुमी जेवल्या का?" मी जेवले नव्हते. घरून निघताना हे मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या प्रश्नाने मी जागच्या जागी बसले. देणारी मी आहे, असं मनात कुठेतरी धरून चालले होते. तिथे तर माझ्या आधीपासून देणंघेणं सुरू होतं. सामानावर लक्ष ठेवणं, बाटली भरून आणणं, नव्या माणसाला रांग दाखवणं, रात्री कुणी रडलं तर नुसतं शेजारी बसणं. माझ्या पोळ्यांमुळे मला त्या देण्याघेण्यात शिरायला मिळालं, एवढंच. आता तिथे माझी ओळख आहे. वर्षा-सहा महिन्यांनी तपासणीला आलेलं कुणी 'ताई, बरं हाय आता' म्हणून हाक मारतं. कुणी हाक मारायला येतच नाही, तेव्हाही कळतं. ते दुःखही पदरात घ्यावं लागतं, कारण ओळख झाली की त्यातून सुटका नाही.

लोक विचारतात, यातून समाधान मिळत असेल नाही? मिळतं, पण समाधान फार दिवस टिकत नाही. घरी परतेपर्यंत निम्मं संपलेलं असतं. टिकते ती सवय. आपल्याला कमी लागतं, हे कळण्याची. समोरच्याला न लाजवता काही पुढे करण्याची. आणि त्याहून अवघड, समोरच्याने दिलेलं घेण्याची. मोबाइलवर फोटो काढून लगेच परतणाऱ्यांना यातलं काही मिळत नाही, कारण त्यांची कुणाशी ओळखच होत नाही. एका दिवसात वाटलेल्या शंभर पाकिटांपेक्षा दर आठवड्याला त्याच जागी नेलेल्या दहा पोळ्या देणाऱ्याला जास्त काही शिकवतात.

म्हणून एवढंच सांगते. सणावाराची, वाढदिवसाची वाट बघू नका. आठवड्यातला एक वार ठरवा, आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा बघा, आणि जे काही नेणार असाल ते घेऊन दर आठवड्याला तिथेच जा. आणि तिथल्या कुणी चहा पुढे केला, तर नको म्हणू नका.