परसदाराची कडी

आमचे बालपण इंदूरच्या एका जुन्या वाड्यात गेले. रात्री थोरल्या दरवाजाला अडसर घालण्याचे काम आजोबांचे. पण वाड्यात चोरी झाली ती परसदाराने, आणि त्याची कडी घरातल्याच कोणी काढून ठेवली होती. या प्रसंगाचा खरा अर्थ आम्हांस उतारवयात कळला.

२०१३ साली आम्ही राज्य शासनाच्या एका कार्यालयात अधिकारी होतो. मंडळाच्या अंकासाठी जुन्या फाँटमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता. ते काम करणारी एक आज्ञावली इंटरनेटवर फुकट मिळाली. घरी संगणक नव्हता. म्हणून कार्यालयातील आमच्याच संगणकावर ती उतरवून घेतली. मजकूर झकास बदलला. तिच्या पोटात दुसरे काय होते, ते चौथ्या दिवशी समजले. सामायिक फोल्डरांतून विषाणू अकरा संगणकांत पसरला आणि निवृत्तिवेतनाच्या तयार प्रकरणांच्या फाइली उघडेनाशा झाल्या. कागदांवरून सारी माहिती पुन्हा भरण्यात पाच आठवडे गेले. एका दिवंगत शिपायाची पत्नी त्या काळात रोज येऊन बाकावर बसत असे. चूक आम्ही लेखी कबूल केली. त्या बाईंना मात्र काय सांगावे ते सुचले नाही.

आज्ञावली चालवणाऱ्याच्या अधिकारानेच वागते. त्याच्या हाती जितक्या किल्ल्या, तितक्या तिच्याही. म्हणूनच कारकुनाच्या चुकीपेक्षा साहेबाची चूक महाग पडते.

जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका प्रचलित हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. तेथे तर आज्ञावली रोजच्या विश्वासातली होती.

तेव्हा नियम साधेच आहेत: परवानगीच्या यादीबाहेरचे काही उतरवू नये, नवीन आज्ञावली आधी जाळ्याबाहेरच्या संगणकावर तपासावी, रोजच्या कामाला मर्यादित अधिकारच वापरावेत आणि फाइलींची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी.

आता मंडळाच्या कचेरीतही तीन संगणक एकमेकांस जोडलेले आहेत. तरुण मंडळी काही उतरवू लागली की आम्ही थांबवतो. ती हसतात. हसोत बापडी, आम्हांला तो बाक अजून दिसतो.