सोनारानेच टोचलेले कान

आमच्या कंपनीचं पोशाखाचं परिपत्रक मीच लिहिलं. त्यातलं सातवं कलम असं: 'महिला कर्मचाऱ्यांनी कानात एक जोड व नाकात लहान चमकी घालण्यास हरकत नाही. पुरुष कर्मचाऱ्यांनी शरीर टोचून घातलेला कोणताही अलंकार कामाच्या वेळेत वापरू नये.' एवढं लिहून मी चष्मा काढला आणि सवयीने नाकातली चमकी बोटाने सारखी केली. तेव्हा काहीच खटकलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

ती चमकी अकराव्या वर्षी आली. आजीने सोनाराला ओसरीवर बोलावलं, त्याने डाव्या नाकपुडीवर शाईचा ठिपका दिला आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत सोन्याची तार आरपार गेली होती. मग कितीतरी दिवस हळद आणि खोबरेल. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला टायपिंगचा वेग विचारला, लग्न कधी करणार तेही विचारलं. नाकात हे काय, असं कुणीही विचारलं नाही.

परिपत्रक निघालं त्याच पावसाळ्यात दोन मुलं रुजू झाली. एक पुण्यातल्या ढोल-ताशा पथकातला. उजव्या कानाच्या वरच्या कडेला भिकबाळी, दोन मोती आणि मधे लाल खडा. दुसरा सोलापूरचा. डाव्या भिवईच्या टोकाशी स्टीलची बारीक दांडी, तिच्या दोन्ही टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे.

पहिल्याला पाहून साहेब खूश. "काय पेशवे, आज स्वारी कुठे?" दुसऱ्याला पाहून त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, याचे जरा कान टोचा." सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, आणि कंपनीतला सोनार म्हणजे एचआर, म्हणजे मी. भिवई टोचली म्हणून कान टोचायचे!

कलमाप्रमाणे दोघेही दोषी होते. (पुढे कळलं, पेशव्यांची भिकबाळी दाबाची होती, कान टोचलेलाच नव्हता.) पण भिकबाळी ही परंपरा आणि भिवईतली दांडी म्हणजे थेरं, हे ठरवायला साहेबांना परिपत्रक लागलं नाही. मलाही नाही. खरं तर मूल जगत नसेल तर चार घरी भीक मागून आणलेल्या सोन्याची बाळी त्याच्या कानात घालायची, अशी भिकबाळीच्या नावामागची गोष्ट सांगतात. म्हणजे कुणा धास्तावलेल्या आईची ती युक्ती. तिची ऐट व्हायला वेळ गेला, एवढंच.

"ऑफिसपुरती काढून ठेवत जा रे," मी सोलापूरकराला म्हटलं.

"मॅडम, तीनच महिने झालेत. काढली की बुजतं."

त्याचं बरोबर होतं. आजीनेही मला वर्षभर तार काढू दिली नव्हती, ती याच कारणाने. शेवटी तोड निघाली बँडेडची. रोज सकाळी गेटवरच तो भिवईला पट्टी चिकटवायचा. क्लायंट आला की पहिला प्रश्न, "काय लागलं?" आधी तो दार लागलं म्हणायचा, मग मांजराचं नाव सांगू लागला. दांडीकडे ज्यांचं लक्षही गेलं नसतं, त्यांनी पट्टीवर पाच-पाच मिनिटं घालवली.

मी सुरुवातीला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होते. तिथे लेथजवळ जाण्याआधी अंगठी, कडं, साखळी उतरवून ठेवायची. १९४८ च्या कारखाना कायद्यातच चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यासाठी घट्ट कपड्यांची अट होती. त्यात कुणाला अपमान वाटला नाही, कारण यंत्रात बोट कसं जातं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. हॉटेलच्या भटारखान्यात, एमआरआयच्या खोलीतही दागिना का नको, याला उत्तर आहे. ऑफिसात कारण विचारलं की मात्र 'बरं दिसत नाही' एवढंच हाती येतं. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट, स्लीपर नको आणि शुक्रवारी खादी घाला असं सांगितलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर खसखस पिकली होती. हसणाऱ्यांत मीही होते, सातव्या कलमासकट.

मीटिंगमध्ये मी एक निकाल नेहमी सांगायचे. डर्बनच्या एका मुलींच्या शाळेत २००४ साली दक्षिण भारतीय वंशाची विद्यार्थिनी सुट्टीनंतर चमकी घालून आली. शाळा म्हणाली, जखम भरेपर्यंत राहू दे, मग काढ. तिने काढली नाही. प्रकरण दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं. ही धर्माची सक्ती नाही, घरची रीत आहे, आजी पुढे सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी देणार आहे, असं घरच्यांचं म्हणणं. २००७ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला. सक्तीची नसली, आपखुशीने पाळलेली असली, तरी रीतीला संरक्षण आहे. तोवर मुलगी शाळेतून बाहेर पडली होती.

त्या निकालात माझी चमकी बसते. पेशव्यांची भिकबाळी बसते, दाबाची असली तरी. भिवईचं काय, ते मला त्यात सापडलं नाही. तिच्यामागे आजी नाही.

दिवाळीनंतर सोलापूरकर पट्टीशिवाय आला आणि दांडीशिवायही. भोक बुजलं. तिथे एक बारीक पांढरी रेघ राहिली आहे, तेवढ्या जागी केस येत नाहीत. परिपत्रक अजून लिफ्टशेजारच्या फलकावर आहे. खाली सही माझी.