तीन बाटल्यांचे रॉकेट

तिफणीला जुंपलेल्या दोन बैलांतला एक अंगचोर निघाला, तर तास वाकडे जाते. दोघांचा जोर एकाच वेळी लागावा लागतो. कुणब्याच्या घरात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. पण रॉकेटलाही हाच नियम लागू आहे, हे मला आमच्या लेकीमुळे कळले.

लेक दहावीला होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला रॉकेट करायचे होते, आणि तेही तीन इंजिनांचे. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हे कशाला गं?" मामंजी काही बोलले नाहीत. पण दहावीनंतर तिला तालुक्याला सायन्सला घालायचे की नाही, हा विषय तेव्हा घरात चालूच होता. फी, वसतिगृह, येण्याजाण्याचे भाडे, यांचा हिशेब रोज रात्री जेवणे झाल्यावर निघायचा.

माझी अट एकच होती. फटाक्याच्या दारूला हात लावायचा नाही. आदल्या दिवाळीत वस्तीवरच्या एका पोराने सुतळी बॉम्ब सोडून दारू गोळा केली आणि हात भाजून घेतला. लेक म्हणाली, "आई, दारू नकोच. पाणी आणि हवा पुरते."

कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, उलटी धरून सायकलच्या पंपाने आत हवा कोंडायची आणि तोंड एकदम मोकळे करायचे. कोंडलेली हवा पाण्याला जोराने खाली लोटते आणि बाटली वर जाते. खऱ्या रॉकेटमध्ये पाण्याऐवजी तापलेला वायू खाली सुटतो, एवढाच फरक.

तिने तीन बाटल्या चिकटपट्टीने एकत्र बांधल्या. खाली पुठ्ठ्याचे पंख लावले आणि टोकाला शाडूची माती बसवली, म्हणजे वजन पुढे राहील. मग मध्यावर दोरी बांधून गरागरा फिरवून पाहिले. टोक पुढेच राहिले, म्हणजे तोल बरोबर होता.

पहिल्या चाचणीला तिन्ही बाटल्यांना वेगवेगळी रबरी बुचे होती. दोन सुटली आणि तिसरे क्षणभर अडकले. तेवढ्यात रॉकेट कलंडले आणि बांधावर जाऊन आपटले. बघायला जमलेली पोरे हसली. लेकीचा चेहरा उतरला.

त्या रात्री तिने वाचून दाखवले. १० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या देशाचे जीएसएलव्ही रॉकेट उडाले. त्याच्या अंगाला चार इंजिने बाहेरून जोडलेली होती. उड्डाण होताच त्यातल्या एकाचा जोर गेला. बाकीची तीन चालू होती, तरी रॉकेट कलले आणि बंगालच्या उपसागरावर नष्ट झाले. सोबतचा इन्सॅट-४सी उपग्रहही गेला. चौकशीत इंधनाचे प्रमाण राखणाऱ्या एका भागात दोष सापडला. पुढे २ सप्टेंबर २००७ रोजी त्याच जातीचे रॉकेट इन्सॅट-४सीआर घेऊन गेले. मामंजी खाटेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तिथंही अंगचोर बैल निघाला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी मी ठिबकच्या उरलेल्या नळ्या आणि दोन टी काढून दिल्या. डाळिंबाचे ठिबक मीच बघते, त्यामुळे जोडणी हातातली होती. फळीवर तीन नळ्या उभ्या केल्या, रबरी वायसर बसवले आणि तिन्ही खालून एकाच नळीला जोडल्या. पंप एक, म्हणून दाबही तिन्हींत सारखा. बाटलीच्या मानेला जी कडी असते, तिच्यावर बसेल असा तीन खाचांचा पत्रा लेकीने कापून घेतला. पत्र्याला ग्रीस लावले. दोरीचा एक हिसका दिला की पत्रा सरकून तिन्ही माना एकदम सुटायच्या. बाटल्या सरळ ठेवून पाणी भरायचे, वरून फळी बसवायची आणि सगळेच उलटे करायचे, ही युक्तीही तिचीच.

हरभरा काढलेल्या मोकळ्या रानात फळी ठेवली. पंक्चरवाल्याकडून काट्याचा पंप आणला होता. काटा तीस पौंडांवर आला तसा तिने लांबून दोरीला हिसका दिला. पाण्याचा फवारा उडाला आणि रॉकेट सरळ वर गेले, विहिरीवरच्या कडुनिंबाच्याही वर. सासूबाई दाराच्या उंबऱ्यावर आल्या होत्या. "आणखी एकदा सोड गं," म्हणाल्या.

चार दिवसांनी मामंजींनी विचारले, "तालुक्याचा फॉर्म कधी भरायचाय?" पुढच्या जूनमध्ये ती सायन्सला गेली. भाड्याचा हिशेब अजून रोज होतो. पण घालायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

तुमच्या घरच्या मुलांनी करून पाहायचे म्हटले, तर मोठे माणूस जवळ असावे. बाटली कोल्ड्रिंकचीच घ्यावी, चिरलेली किंवा उन्हात कडक झालेली नको. काचेची, धातूची तर नकोच. पंपाची नळी लांब ठेवावी. दाब भरताना रॉकेटवर कुणी वाकू नये. विजेच्या तारा आणि जनावरे जवळ नसावीत. सुटले नाही, तर जवळ न जाता आधी पंपाकडून हवा सोडून द्यावी.