पावसातली पाहुणी मंडळी

इंग्लंडचा फुटबॉल म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, कोट्यवधी रुपये घेणारे खेळाडू! पण तिथल्या फुटबॉलला एक जिनाच आहे. सर्वांत वरच्या पायरीवर २० संघ आणि त्याखालच्या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी २४. झाले की नाही ९२? दर वर्षी तळाचे काही संघ एक पायरी उतरतात, पुढचे काही वर चढतात. आज मी तुम्हांला चौथ्या पायरीवर घेऊन जाणार आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं मँचेस्टरजवळच्या बेरी या गावात राहत होतो. शेजारी एक आजोबा होते. गळ्यात कायम निळा-पांढरा मफलर. "आमचा संघ १८८५ सालचा बरं का!" हे त्यांचं पहिलंच वाक्य. दुसरं वाक्य, १९०३ साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात बेरीने डर्बी काउंटीला ६-० हरवलं, हे! मी मूळचा कोल्हापूरचा, पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉलवर वाढलेला. आमची गट्टी जमायला कितीसा वेळ लागणार?

२००६ ते २०११ या काळात बेरी आणि अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली हे दोन्ही संघ चौथ्या पायरीवर होते. तेव्हाच एकदा आजोबा म्हणाले, "चल, आज आपण पाहुणे!" परगावच्या मैदानावर आपल्या संघामागे जायचं, याची तिकडे मोठी हौस असते.

अ‍ॅक्रिंग्टनचं मैदान म्हणजे जेमतेम पाच हजार माणसं मावतील एवढं. मागे डोंगर, आजूबाजूला घरं. पाहुण्यांचं फाटक वेगळं आणि जागाही वेगळी, गोलच्या मागे पायऱ्यांवर. बसायला खुर्ची नाही आणि वर छप्पर नाही. नेमका पाऊस आला! आम्ही दोन-तीनशे जण कुडकुडत उभे. हातात गरमागरम 'पाय'. अहो, हसू नका! हा पाय म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा नाहीतर बटाटा भरून भाजलेला पदार्थ. खाण्यापेक्षा हात शेकायलाच त्याचा उपयोग जास्त.

आणि खेळाडू इतके जवळ, की बुटाचा चेंडूवर बसलेला 'धप्प' आवाज ऐकू यावा! आमच्या एका खेळाडूचा फटका खांबाला घासून बाहेर गेला, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला. तो पठ्ठ्या चक्क आमच्याकडे बघून ओशाळला. टीव्हीवर कधी असं दिसतं का?

मध्यंतरात मी विचारलं, "आजोबा, एवढ्याशा संघासाठी इतकी माणसं भिजतात?"

ते म्हणाले, "या मैदानाला विचार!" आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कर्जात बुडाल्यामुळे अ‍ॅक्रिंग्टनच्या जुन्या संघाला १९६२ साली हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला. चार वर्षांनी तो बंदच पडला. पण १९६८ मध्ये गावकऱ्यांनी त्याच नावाचा संघ पुन्हा उभा केला, अगदी खालच्या पायरीपासून. एकेक पायरी चढत २००६ साली तो परत वर पोचला. गंमत अशी, की १९६२ मध्ये त्यांची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती आणि २००६ मध्ये ते वर आले तेव्हा खाली उतरलेल्या संघांत ऑक्सफर्डच होता!

मी भारतात परतल्यावर हीच पाळी बेरीवर आली. पैशांचा घोळ झाला. २७ ऑगस्ट २०१९ या दिवशी गावातली माणसं झाडू-फडकी घेऊन आपल्या गिग लेन मैदानाची साफसफाई करत होती. सामना होईल अशी त्यांना आशा होती. त्याच रात्री संघाला लीगमधून काढून टाकल्याची बातमी आली. १८९४ पासूनचं नातं तुटलं. मी आजोबांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाजच येईना. मग ते एवढंच म्हणाले, "शनिवारी दुपारी आता मी जाऊ कुठं?"

पण गावाने हातपाय गाळले नाहीत. कुणी नवा संघ काढला, कुणी मैदान परत मिळवण्यासाठी धडपडलं. आधी त्यांच्यात दोन तट होते, मग ते एक झाले. २०२३ साली बेरी संघ गिग लेनवर पुन्हा खेळू लागला. चौथ्या पायरीच्याही कितीतरी खाली, पण स्वतःच्या मैदानावर!

जिंकणाऱ्यांच्या मागे धावायला काय, कुणीही धावेल. तुमच्या गल्लीचा, शाळेचा संघ परगावी खेळायला जाईल ना, तेव्हा तुम्हीही जा. पाऊस असला तर छत्री घ्या, पण जा. मैदानात उतरलेल्या अकरा जणांना वळून बघितल्यावर आपली माणसं दिसायला हवीत.